क्लॅम्पकाका

‘करंट वाढतो’ असं क्लॅम्पकाकांसमोर बोलायची सोय नाही. कुठला करंट? कुठल्या तारेतला? वाढतो म्हणजे कितीवरून किती? किती वेळ टिकतो? एवढं सांगून झालं की चष्मा कपाळावर चढवून शेवटचा प्रश्न येतो: ‘मोजलात, का वाटलं?’ या प्रश्नाने भोसरी एमआयडीसीतल्या निम्म्या सुपरवायझरांची झोप उडवली आहे. उरलेले निम्मे काकांना फोनच करत नाहीत.

त्यांचं खरं नाव आता गेटपासवर लिहिण्यापुरतं उरलं आहे. कमरेच्या पट्ट्याला चामड्याचं म्यान आणि म्यानात क्लॅम्प मीटर, म्हणून क्लॅम्पकाका. तारेभोवती जबडा मिटवायचा आणि तार न तोडता आतला करंट वाचायचा, असं ते उपकरण. काका मोबाईल घरी विसरतात, क्लॅम्प कधी नाही. आणि तो डीसी वाचणारा क्लॅम्प आहे, हे न विचारता सांगतात. स्वस्तातला क्लॅम्प फक्त एसी ओळखतो. बॅटरीच्या तारेला लावला तर आतून पन्नास अँपिअर जात असले तरी शून्य दाखवत बसतो. ‘असा क्लॅम्प असण्यापेक्षा नसलेला बरा,’ हे काकांचं मत. ज्याच्या ज्याच्याकडे तसा क्लॅम्प होता, त्या प्रत्येकाला ते त्यांनी तोंडावर ऐकवलेलं आहे.

एका मोठ्या कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून ते निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांचं भाषण चालू असताना स्पीकरमधून बारीक गुरगुर येत होती. सत्कारमूर्ती शाल-श्रीफळ खुर्चीवर ठेवून उठले, अँप्लिफायरच्या मागे गेले आणि भाषण संपेपर्यंत परत आले नाहीत. गुरगुर थांबली. साहेब आपल्याबद्दल काय बोलले, हे काकांना आजतागायत माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही.

अशा माणसाशी संसार करणं सोपं नसतं. काकूंनी ‘कणकण वाटतेय’ म्हटलं की आधी ‘किती?’ येतं, थर्मामीटर मागाहून. भाच्याच्या लग्नात पंगत बसलेली असताना हॉलमधले दिवे एका बाजूला मंद आणि दुसऱ्या बाजूला भगभगीत झालेले काकांनी पाहिले. मठ्ठ्याचा पेला तसाच ठेवून ते वधूपित्याजवळ गेले आणि त्याच्या कानात म्हणाले, ‘तुमचा न्यूट्रल लूज आहे.’ बिचारा वधूपिता आधीच हवालदिल. त्याला हे वरपक्षाचं नवं मागणं वाटलं. काकांचं म्हणणं मात्र खरं होतं. न्यूट्रल सुटला की एका फेजवर दिवे मंदावतात आणि दुसऱ्या फेजवर जळून जातात. पण खरं असणं आणि पंगतीत बोलण्यासारखं असणं यांतला फरक काकांना कधी मोजता आलेला नाही.

यंत्र बिघडल्यावर येणाऱ्या माणसांत काका अल्पसंख्य. बहुमत ‘बदलून बघू’ पंथाचं आहे. हे लोक येतात, झाकण उघडतात, जो भाग काळा पडला असेल तो बदलतात, झाकण लावतात आणि पैसे घेऊन जातात. दुसरा पंथ अर्थिंगवाल्यांचा. त्यांच्या मते मोटर गरम होण्यापासून मालकाच्या मुलीचं लग्न लांबण्यापर्यंत सगळ्याचं मूळ अर्थिंगमध्ये असतं, आणि जमिनीत मीठ-कोळसा घालून त्यावर बादलीभर पाणी ओतलं की सगळं मार्गी लागतं. मला या दोन्ही पंथांबद्दल आदर आहे, कारण दोघेही वेळेवर बिल देतात. मी काही लहान वर्कशॉपांच्या हिशेबाचं आणि जीएसटीचं काम बघतो. बिल हीच आमची पालखी.

त्यातल्याच एका वर्कशॉपात ही गोष्ट घडली. दोन तरुण भागीदार. एकाला दाढी, एकाला चष्मा. तेवढ्यावर त्यांची ओळख पुरे. कारखान्याच्या आवारात माल हलवायच्या बॅटरीगाड्यांना मोटर, कंट्रोलर आणि वायरिंग बसवून देणं हा त्यांचा धंदा. मोटर बिनब्रशची, ४८ व्होल्टची. जुन्या डीसी मोटरीत कार्बनचे ब्रश घासून जे काम करत, ते इथे इलेक्ट्रॉनिक्स करतं: चुंबक कुठे आला हे हॉल सेन्सर सांगतात आणि सहा मॉस्फेट आळीपाळीने चालू-बंद होऊन तीन फेजांत करंट फिरवतात. या कल्पनेवरचा विल्सन आणि ट्रिकी यांचा निबंध १९६२ सालचा. आता घरोघरी छताला लटकणारा तीसेक वॉटचा पंखाही याच जातीचा.

पुस्तकं तपासताना मला दिसलं की ‘कंझ्युमेबल्स’ या खात्यावर मॉस्फेटचा खर्च चहाच्या खर्चाच्या पुढे गेला आहे. इंजिनिअरांच्या वर्कशॉपात चहाला मागे टाकणं ही सामान्य घटना नव्हे. मी दाढीला विचारलं.

‘सर, स्पीड कमी करताना करंट वाढतो.’

‘वाढवताना?’

‘वाढवताना काहीच प्रॉब्लेम नाही. फुल स्पीडला तासन् तास चालते. स्पीडचा नॉब, म्हणजे पॉट, खाली आणला की फटाक्.’

मला विजेतलं कळत नाही, पण हे ऐकून मलाही चमत्कारिक वाटलं. खर्च कमी करायला घेतला आणि त्यानेच दिवाळं निघालं, असं माझ्या धंद्यात क्वचित होतं. तोवर त्यांनी सगळ्यांचे सल्ले घेऊन झाले होते. मोटर विकणारा म्हणाला, कंट्रोलर खराब. कंट्रोलरवाला म्हणाला, मोटरचं वाइंडिंग शॉर्ट. पॉवर सप्लायवाला म्हणाला, आमचा सप्लाय ट्रिप होतो म्हणजे त्याचं काम तो चोख करतोय. पोरांनी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत खेपा घालून आधी दुप्पट ताकदीचे मॉस्फेट आणले, मग मोठा फ्यूज, मग जाडजूड कपॅसिटर. नव्या मॉस्फेटचा आवाज जुन्यापेक्षा मोठा झाला, एवढाच फरक. अर्थिंगवाला येऊन बादली ओतून गेला होता. त्याचं बिल माझ्याकडे आहे.

शेवटी काकांना बोलावलं.

काका त्यांच्या जुन्या गिअरच्या स्कूटरवर आले. वर्कशॉपच्या गल्लीला उतार आहे. काका तो उतार वर्षानुवर्षांच्या सवयीने इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, अलगद उतरतात. पेट्रोल वाचवण्याची ही विद्या एका अख्ख्या पिढीने आत्मसात केली होती. ते आत आले, स्टूल ओढलं, बसले आणि कशालाही हात न लावता म्हणाले, ‘हं. उडवून दाखवा.’

पोरांच्या पोटात गोळा आला. एकदा उडवायचं म्हणजे नवे मॉस्फेट, नवं सोल्डरिंग, अर्धा दिवस. ‘काका, आम्ही तोंडी सांगतो ना.’

‘तोंडी बिघाड मला दिसत नाही, बाळा.’

टेबलावर मोटर, बॅटरीच्या तारेला बॅटरीऐवजी पॉवर सप्लाय, आणि शाफ्टला गाडीच्या वजनाऐवजी लोखंडाची वीस किलोची चकती. मिनिटाला सहाशे फेरे. काकांनी उडवण्याआधी निरखणी केली, आणि ती बघण्यासारखी असते. आधी जळालेल्या मॉस्फेटची बरणी मागवली. ते बोर्डावर कुठल्या जागेचे, हे विचारलं. पोरांना तेवढं सुदैवाने आठवत होतं: बहुतेक खालच्या रांगेतले, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूचे. काका ‘असं होय’ म्हणाले आणि त्यापुढे काही नाही. मग त्यांची नजर टेबलावरच्या जुन्या काट्याच्या अँमीटरवर गेली. तो बॅटरीच्या तारेत जोडलेला होता. काकांनी तो उचलला, डोळ्याजवळ नेला, काचेवर फुंकर मारली.

काटा वाकलेला होता. टोकाशी, केसभर. शून्याच्या डाव्या बाजूला काटा थांबवायला एक बारीक खिळा असतो; त्यावर आपटून आपटून वाकलेला.

‘हा डावीकडे कधी आपटतो?’

चष्मा म्हणाला, ‘स्पीड कमी करताना थोडा हलतो. आम्हाला वाटलं व्हायब्रेशन.’

‘वाटलं,’ काका म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखा येतो.

काट्याच्या मीटरचा काटा शून्याच्या डावीकडे जातो तो करंट उलटा वाहिला तरच. पोरं दोन महिने ‘करंट वाढतो’ म्हणत होती, आणि करंट कमी होऊन, शून्य ओलांडून, पलीकडे निघून गेलेला होता. मोटर वीज खात नव्हती, बनवत होती.

इथे काकांचं व्याख्यान सुरू होतं. माझ्यासारख्या माणसाने अशा वेळी चहा सांगायला बाहेर पडावं. मी थांबलो, हा माझा गुण म्हणायचा. काका १८७३ सालच्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनापासून निघाले. तिथे ग्राम नावाच्या बेल्जियन माणसाचे डायनॅमो मांडले होते. एका डायनॅमोची वीज दुसऱ्याला जोडली गेली आणि दुसरा आपला आपण मोटरसारखा फिरू लागला. ‘म्हणजे फिरवलं तर वीज देतं, वीज दिली तर फिरतं. यंत्राला हे तेव्हापासून ठाऊक आहे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.’ त्याच्याही आधी १८३४ साली लेंझने सांगून ठेवलेलं आहे की, निर्माण झालेला करंट ज्यामुळे निर्माण झाला त्यालाच विरोध करतो. काका लेंझचं नाव असं घेतात की तो त्यांच्याच खात्यात, त्यांच्याआधीच्या बॅचला असावा.

मग खिशातून पेन्सिल निघाली आणि टेबलावरच्या पुठ्ठ्यावर आकडे उतरले. मोटर पूर्ण वेगात फिरते तेव्हा तीही आतून व्होल्टेज तयार करते, बाहेरच्या व्होल्टेजला तोंड देणारं. समजा, ते ४४. कंट्रोलर देतोय ४८. फरक चार व्होल्टचा, त्या चारवर मोटर सुखाने चालते. आता पॉट झटक्यात निम्म्यावर आणला. कंट्रोलर तत्काळ २४ व्होल्टवर आला; त्याला काय, त्याला वजन नाही. पण वीस किलोची चकती काही तत्काळ निम्म्यावर येत नाही. तिचे ४४ अजून ४४च आहेत. फरक वीस व्होल्ट, उलट्या दिशेने. वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.१ ओहम.

‘भागा,’ काका म्हणाले.

चष्म्याने भागलं. दोनशे अँपिअर.

‘वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे चढायला दोन-चार मिलिसेकंद लागतात, एवढीच सवलत. तुमच्या मॉस्फेटला त्या सवलतीचा काय उपयोग?’

दाढीला एक शंका होती आणि ती चांगली होती. हाच पॉट, हीच मोटर, हीच चकती जुन्या कंट्रोलरवर वर्षभर चालत होती. तो स्वस्तातला, मठ्ठ कंट्रोलर. वेग कमी केला की मोटर आपली हळूहळू थांबायची. नवा महाग आणि कार्यक्षम घेतला आणि हे सुरू झालं.

काकांनी दाढीकडे पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं. जुना कंट्रोलर वरचा मॉस्फेट बंद झाला की उरलेला करंट खालच्या डायोडमधून जाऊ देई. डायोड एकाच दिशेने जाऊ देतो. उलट्या करंटला वाटच नव्हती, म्हणून पॉट खाली आणला की मोटर नुसती घरंगळायची, काका गल्लीत उतरतात तशी. पण डायोडवर जवळजवळ एक व्होल्ट वाया जातो. तीस अँपिअरला तीस वॉटची उष्णता. नवा कंट्रोलर हुशार. तो डायोडवर अवलंबून न राहता त्याच वेळी खालचा मॉस्फेट चालू करतो. पाच मिलिओहमचा मॉस्फेट, तीस अँपिअर, साडेचार वॉट. बचत झाली. पण चालू मॉस्फेट दोन्ही दिशांना उघडा असतो. उलट्या करंटला राजमार्ग मिळाला.

‘आणि याचा करंट लिमिट?’ दाढी म्हणाली. ‘यात साठ अँपिअरला लिमिट आहे, काका. मॅन्युअलमध्ये लिहिलंय.’

‘कुठल्या तारेत बघतो तो?’

ही काकांची आवडती जागा. ऑसिलोस्कोप मागवला. तो पोरांकडे होता. त्याच्यावर कुरिअरचे खोके रचून ठेवलेले होते. काकांनी स्टीलच्या डब्यातून स्कोपला लावायचा करंट प्रोब काढला, शून्याचं बटण दाबून त्याला शांत केलं, कारण डीसी प्रोब आधी शून्यावर आणावा लागतो, आणि तो बॅटरीच्या तारेभोवती मिटवला. ‘आता पॉट एकदम शून्यावर.’

पडद्यावरची रेघ एकदा हलली आणि शून्यावर सपाट झाली. चकती मात्र कोणीतरी धरल्यासारखी गपकन थांबली. ‘बघा, करंट नाहीच!’ दाढी म्हणाली.

काकांनी प्रोब काढून मोटरच्या एका फेजला लावला. ‘परत.’

या वेळी रेघ शून्यावरून जी खाली कोसळली ती पडद्याच्या कडेतून निघून गेली, आणि पाठोपाठ तो प्रसिद्ध फटाक् झाला. वास पसरला. चष्म्याने डोळे मिटून घेतले. मी मनात ‘कंझ्युमेबल्स’मध्ये एक ओळ लिहिली. काका प्रसन्न दिसत होते.

झालं होतं ते असं. पॉट शून्यावर आणला की खालचे तीनही मॉस्फेट चालू राहतात, म्हणजे मोटरची तीनही टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती चकती जो करंट बनवते तो मोटरमधून मॉस्फेटमध्ये आणि मॉस्फेटमधून मोटरमध्ये असा आतल्या आत गरगर फिरतो. बॅटरीच्या तारेत तो येतच नाही. कंट्रोलरचा सेन्सर बसलाय बॅटरीच्या तारेत. तो सांगतो, सगळं शांत आहे. शिवाय तो सेन्सर सुलटा करंटच वाचणारा. उलटा आला तर त्याला तो शून्यच. म्हणून जळत होते ते खालच्या रांगेतले. तुमच्या जमाखर्चाच्या वहीत रोजची नोंद फक्त बँकेची होते आणि दोन भागीदार गल्ल्यातून परस्पर उसनवारी करतात, असं समजा, काका माझ्याकडे वळून म्हणाले. मला लगेच समजलं. दाढी आणि चष्मा एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

दुरुस्ती काकांना आवडत नाही. बिघाड सापडेपर्यंत त्यांचा चेहरा विशीतला असतो, सापडला की साठी परत येते. काकूंचंही हेच निरीक्षण: ‘अहो, पंखा दुरुस्त झाला की हे दोन दिवस जेवत नाहीत.’ तरी पोरांच्या आग्रहावरून ते थांबले. बोर्ड नव्याने सोल्डर झाल्यावर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग उतरवायला रॅम्प घातला. म्हणजे माणसाने पॉट कितीही झटक्यात फिरवला तरी कंट्रोलरने पूर्ण वेगावरून निम्म्यावर यायला चार सेकंद घ्यायचे. त्या सेटिंगच्या कोपऱ्यात उलट्या करंटची स्वतंत्र मर्यादाही होती. कारखान्यातून येताना ती बंद होती आणि कोणी उघडून पाहिली नव्हती. वेगाच्या लूपमध्ये एक साठत जाणारी चूक असते, तीही काकांनी आवळली. नाहीतर वेग अर्ध्याच्या खाली घसरतो, मग घाबरून वर उसळतो, आणि गाडीला गचके बसतात.

फेजवर प्रोब लावून पॉट फिरवला. दोनशेच्या जागी साडेचार अँपिअर. उणे. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांत पॉवर सप्लाय ट्रिप झाला.

मला वाटतं, काकांना हे आधीच माहीत होतं आणि ते टाळ्यांची वाट बघत होते. साठी पुन्हा उतरली. करंट आवाक्यात आला, पण चकतीत साठलेली ऊर्जा कुठे गेली? वीस किलो, सहाशे फेरे, चाळीस सेंटिमीटर व्यास: सुमारे आठशे ज्यूल. वेग निम्मा केला की ऊर्जा निम्मी होत नाही, पाव उरते. म्हणजे सहाशे ज्यूल बाहेर आले. पोरांनी हौसेने बसवलेला जाड कपॅसिटर हजार मायक्रोफॅरडचा, ६३ व्होल्टचा. ४८ वरून ६३ वर चढेपर्यंत त्यात मावतं किती? काकांनी पुठ्ठ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात हिशेब केला. एक ज्यूलही नाही.

पॉवर सप्लाय वीज देऊ शकतो, घेऊ शकत नाही. परत आलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये घुसते, व्होल्टेज चढतं, सप्लाय घाबरून दार लावतो. बॅटरी असली तर ती निमूट घेते, म्हणून बॅटरीवर सप्लायचं रडगाणं नव्हतं. मुंबईच्या नव्या लोकलही ब्रेक लावताना वीज तारेत परत ढकलतात. त्यांच्या मोटरी वेगळ्या जातीच्या, इंडक्शनच्या, पण न्याय तोच, आणि तिथे ती वीज खायला पुढच्या स्टेशनातून सुटणारी दुसरी लोकल उभी असते. टेबलावर कोण आहे? सोसायटीच्या लिफ्टच्या ड्राइव्हला म्हणूनच जाळीच्या पेटीत एक रेझिस्टर बसवलेला असतो, जादाची वीज जाळून टाकायला. तो गरम लागतो म्हणून सेक्रेटरी दरवर्षी तक्रार करतात.

पोरांकडे रेझिस्टर नव्हता. काकांनी शेजारच्या स्कूटर मेकॅनिककडून हेडलाइटचे १२ व्होल्टचे, ३५ वॉटचे पाच बल्ब आणवले, एकामागोमाग जोडले, आणि व्होल्टेज ५६ च्या वर गेलं की त्यांना चालू करणारं छोटं सर्किट जागच्या जागी बांधलं. थंड बल्बचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या दहाव्या भागाइतका असतो, म्हणून चालू करणारा मॉस्फेट तगडा घ्या, अशी सूचना देऊन. चकती पूर्ण वेगात, पॉट निम्म्यावर. पाचही बल्ब लागले, चार सेकंद भगभगले आणि मालवले. सप्लाय जागचा हलला नाही.

‘गाडीत बॅटरी असते, तिथे बल्ब नको ना?’ चष्म्याने विचारलं.

‘गिऱ्हाइकाने रात्रभर चार्ज करून सकाळी पहिल्याच रॅम्पवरून गाडी खाली सोडली तर? भरलेली बॅटरी. तिचा राखणदार, बीएमएस, म्हणणार, मला नको. मग ती वीज कुणाच्या घरी जेवायला जाणार?’

चष्म्याने ते लिहून घेतलं. दाढीने पाकीट काढलं. ‘काका, किती झाले?’

‘उणे साडेचार,’ काका स्कोपकडे बघत म्हणाले.

‘पैशांचं विचारतोय.’

पैसे काका घेत नाहीत. त्यांना जळालेले मॉस्फेट हवे होते. घरी ते वरचं आवरण घासून आतला स्फोट भिंगातून बघतात, आणि काकूंच्या मिसळणाच्या डब्याची एक वाटी त्यात कायमची गेली आहे. दाढीने बरणी पुढे केली. मी म्हटलं, भंगार म्हणून नोंद लागेल, किती नग?

‘असतील चाळीस-एक,’ दाढी म्हणाली.

खोलीत शांतता पसरली. दाढीला आपण काय बोललो ते उशिरा कळलं.

‘चाळीस-एक म्हणजे किती?’ काकांनी बरणी टेबलावर पालथी केली आणि मोजायला बसले. एकेचाळीस. मग माझ्याकडे वळून, खरेदी किती? मी वही उघडली. चौपन्न. सहा आत्ता बोर्डावर, सहा पाकिटात कोरे. म्हणजे बरणीत बेचाळीस हवेत.

‘एक कुठे गेला?’

‘काका, जाऊ द्या हो, एक नग...’

‘जाऊ द्या कसा? गेला असेल तर कुठे गेला?’

चष्मा मोबाईलचा टॉर्च लावून टेबलाखाली शिरला. दाढी कुरिअरचे खोके एकेक करून झटकू लागली. मी, काही कारण नसताना, स्वतःचे खिसे तपासले. काकांनी स्टूल नीट सरकवलं, पाय लांब केले, क्लॅम्प म्यानातून काढून मांडीवर ठेवला आणि कितीतरी वर्षांनी धाकटा झाल्यासारखा चेहरा करून म्हणाले, ‘घाई नाही. चहा सांगा. बिनसाखरेचा.’